ज्याच्या गोळ्या त्यानं घ्याव्यात

तिसगावच्या बाजारात बानू मणियारीण बांगड्या भरायला बसली की बायका हात तिच्याकडे द्यायच्या आणि तोंड दुसरीकडे वळवून गप्पा मारायच्या, इतका तिच्यावर भरवसा. ती स्वतःही मनगटाकडे फारसं बघायची नाही. अंगठ्याचं मूळ हलकेच दाबायची, बांगडी कुठं अडतेय ते तिच्या बोटांना कळायचं, आणि बोलता बोलता काच पलीकडे गेलेली असायची. ही कला सासूकडून आली होती. सासूच्या माघारी दुकान, घर आणि नवरा असं सगळंच बानूच्या अंगावर पडलं.

नवरा शमशेर शुगरचा जुना पेशंट. त्याच्या गोळ्यांचं बानू बघायची. सकाळी नाश्त्याआधी गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा ग्लास पुढं करायची आणि तो गिळेपर्यंत उभी राहायची. "रोजची काय कटकट," असं म्हणत तो गोळी घ्यायचा, तीही बायकोवर उपकार केल्यासारखी.

गावात तपासणीचं शिबिर झालं तेव्हा बानूचीही शुगर वाढलेली निघाली. तिलाही गोळ्या मिळाल्या. असेतोवर तिनं त्या घेतल्या. संपल्यावर आणायला जायचं म्हणजे अख्खी सकाळ दवाखान्यात घालवायची, दुकान कुणी बघायचं? ते राहून गेलं ते गेलंच. फार गळून गेल्यासारखं झालं तर शमशेरच्या पाकिटातली एखादी गोळी तोंडात टाकायची. 'तुझ्या गोळ्यांचं काय झालं?' असं घरात कुणी विचारलं नाही. कुणीतरी विचारावं असं तिला फार वाटायचं, आणि म्हणूनच की काय, आपण होऊन ती कधी बोलली नाही.

आधी पाय गेले. गेले म्हणजे होते जागेवरच, पण परक्याचे असल्यासारखे. एकदा ती बाजारातून घरी आली तर सून सुमैरा म्हणाली, "अम्मी, तुमची एक चप्पल कुठंय?" बानूनं खाली पाहिलं. एक पाय अनवाणी होता. चप्पल कधी सुटली, कुठं पडली, तिला पत्ताच नव्हता. दोघी हसल्या. त्या दिवशी रात्रीच्या भाकरी थापताना मात्र बानूला हसू आलं नाही.

लग्नसराईत कडूबाईच्या घरून बोलावणं आलं. कडूबाई शेजारच्या वस्तीवरची, बानूची जुनी गिऱ्हाईक. तिच्या लेकीला हिरवा चुडा भरायचा होता. मांडवात पाहुण्या जमलेल्या. पहिल्या काही बांगड्या नीट गेल्या. मग एक अडली. अडल्याचं बानूला कळलंच नाही. तिनं नेहमीसारखा रेटा दिला आणि काच कडकन वाजली. मुलीच्या मनगटातून रक्त आलं. "वाढली गं बांगडी," कुणीतरी हळूच म्हणालं.

बानू पदरानं मुलीचा हात पुसत होती तेवढ्यात कडूबाई खाली बसली.

"बानू, तुझ्या बोटात काच घुसलीया की! तुला दुखत न्हाई व्हय?"

बानूनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. हिरवा तुकडा चांगला आत गेला होता. तिला काहीच लागत नव्हतं.

कडूबाईनं तो ओढून काढला. रागं भरली नाही. "म्या काय म्हनते, पोरीचं भरंल दोन दिसात," ती म्हणाली, "तुजं लई दिवसाचं दिसतंय. दाखव जा कुनाला तरी."

उरलेला चुडा दुसऱ्या कुणीतरी भरला. बानू आपली पेटी घेऊन घरी आली आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मोनिका सिस्टरनं रक्त घेतलं, तळपायाला दोरा टेकवून "कळतंय का?" असं विचारलं. बानूला कुठं कळलं, कुठं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, पण आहे ती राखता येईल. सिस्टर औषधं समजावून सांगायला लागली तशी बानूच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. घरचं, दुकानाचं, नवऱ्याचं, कुणी विचारत नाही याचं. सिस्टरनं ऐकून घेतलं. तीही दिवसभराची दमलेली दिसत होती.

"सगळं खरं असेल, मावशी," ती म्हणाली. "पण घरच्यांना मी गोळ्या दिल्या तर तुमची शुगर उतरणार नाही. रोज घ्यायच्या कुणी?"

बानूला राग आला. पोर लग्न न झालेली, हिला काय ठाऊक संसार? एसटीत बसल्यावर करंजीचा घाट उतरेपर्यंत ती मनात भांडत होती. घाट उतरल्यावर भांडायला कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं शमशेरची पाकिटं त्याच्या उशाशी ठेवली. "तुमच्या तुम्ही घ्या. मला माझं बघायचंय."

"डोकं फिरलं काय तुझं?"

"दमलेय मी," बानू म्हणाली.

त्यानं तीन-चार दिवस गोळीला हात लावला नाही. उठून ती त्याच्या हातावर ठेवणं बानूला फार सोपं होतं. न उठणं जड गेलं. ती चुलीपाशी बसून आपली गोळी घ्यायची आणि त्याच्याकडे पाठ करायची. शेवटी चक्कर येऊन तो ओट्यावर बसला, तेव्हा तिनं पाणी दिलं, शेजारी बसली, पण पाकीट तिनं उघडलं नाही. त्यानंच उघडलं. त्यानंतर तो घेतो. कधी विसरतो. कटकट मात्र आता गोळीवर करतो.

दुकानात बानू चष्मा लावून बसते. गिऱ्हाइकाच्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून बांगडी सरकवते. पूर्वी असं करणाऱ्यांना ती नवशिक्या म्हणायची. काही गिऱ्हाइकं तुटली. अवघड हात आला की सुमैराला पुढं करते. बोटांत पूर्वीचं काही परत आलं नाही, पण मोनिका सिस्टरच्या दोऱ्यानं पुढच्या खेपेला आणखी काही गेलेलं दाखवलं नाही.

संध्याकाळी दिवा लागल्यावर ती आरसा घेऊन तळवे बघते. कुठं काटा, कुठं फोड. हे काम कुणावर सोपवता येत नाही, आणि संपतही नाही. सकाळी पाथर्डीच्या रस्त्यानं चालायला जाते. परवा ती मोरीच्या कठड्यावर टेकली होती, तेव्हा दूध घालून परतणाऱ्या कडूबाईनं विचारलं, "बरं वाटतंय का आता?"

"बरं असं नाही," बानू म्हणाली. "कंटाळा येतो."

"मग?"

"मग काय. कंटाळा आला तरी चालायचं."

गुडघ्यावर हात टेकवून ती उठली. समोरच्या बाभळीपर्यंतचं अंतर अजून बाकी होतं.