फोन चपलांपाशी

आमची मुलगी उशिरा बोलायला लागली आणि लागली ती थेट वाक्यांत. केळं सोलून हवं असलं की म्हणे, "केळ्याचा शर्ट काढ." कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात वर करून सांगे, "मी काही नाही केलं." एकदा बुधवार पेठेतून स्कूटरवर घरी येताना तिने मला थांबायला लावलं. चंद्र मागे सिग्नलला अडकला होता. तो येईपर्यंत जायचं नव्हतं.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. पाळी संध्याकाळची. दुपारी घर सोडते. नवरा हिंजवडीहून परत येईपर्यंत मुलगी समोरच्या फ्लॅटमध्ये असते. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत एका मजल्यावर दोनच दारं आहेत. मी पाळणाघर शोधतेय हे कळल्यावर समोरच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, मग आम्ही काय दाराला कुलूप लावून बसायचं?" तेव्हापासून त्या मुलीच्या आजी आणि काका आजोबा.

काकांचं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या जिभेला गिऱ्हाइकं भीत आणि तरीही येत. कोणी विचारलं, "आता नीट चालेल ना?" की काका वर न बघता म्हणत, "चालणार नाही. वाजेल." गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, बोलणं सावरलं नाही. मनात एक शब्द असे आणि तोंडातून दुसराच येई. स्पीच थेरपिस्टने चित्रांची कार्डं दिली आणि काकूंना सांगितलं की हेच महिने महत्त्वाचे आहेत, जे परत यायचं ते आत्ताच येईल. काकूंबरोबर सराव करताना काका चिडत, कार्डं भिरकावत. मुलीबरोबर चिडत नसत. शब्द चुकण्यात काही विशेष आहे असं तिला वाटत नव्हतं. तिचेही चुकत होतेच.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिला आणायला गेले तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते. मी दारातूनच फोन काढून व्हिडिओ सुरू केला.

"हे काय?" मुलीने कार्ड धरलं.

"खि... खिडकी."

"नाही हो आजोबा. चमचा. मोठ्ठा आ करा. चम-चा."

"चमचा."

"शाब्बास. आता दूध प्या."

काकांनी मान हलवली. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "चहा," ते म्हणाले. कार्डावर नसलेला शब्द त्यांनी आपणहून काढला होता.

मुलगी गंभीरपणे म्हणाली, "चहा मोठी माणसं पितात. तुम्ही अजून शिकताय."

काकू स्वयंपाकघरात हसल्या. काकाही हसले. मी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. वर शीर्षक दिलं: 'मास्तरीणबाई आणि त्यांचा विद्यार्थी'. डेस्कवरच्या एकाने लिहिलं, "पहिल्या पानावर घ्या." मला बरं वाटलं.

रुग्णाचा फोटो विचारल्याशिवाय छापायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. त्याच आठवड्यात मी असा एक फोटो पानावरून काढायला लावला होता. काकांना मात्र विचारलं नाही. त्या घरात आमची किल्ली खिळ्याला असते. आमटीची वाटी इकडून तिकडे जाते तेव्हा कोणी काही विचारत नाही. विचारलं असतं तर काकू म्हणाल्या असत्या, "परक्यासारखं काय विचारतेस?" मी विचारलं का नाही, ते यातून कळतं. त्याने चूक कमी होत नाही.

व्हिडिओ एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेला आणि शेवटी बुधवार पेठेतल्या जुन्या दुकानदारांच्या ग्रुपवर पोहोचला. तो ग्रुप काकांच्या फोनवर होता. खाली हसरे चेहरे होते. एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, "आता वाजत नाही वाटतं."

दुसऱ्या दिवशी काकूंनी दार उघडलं. मला त्या कायम 'अगं' म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या, "या. आपण आलात. फोन तेवढा बाहेर ठेवा, चपलांपाशी."

मी ठेवला. काका खुर्चीत होते.

"काका, चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

त्यांचे ओठ हलले. मग मिटले. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"बोलायचंय त्यांना," काकू म्हणाल्या. "पण तुमच्यासमोर नाही."

मी जिथून पुसता येईल तिथून व्हिडिओ पुसला. पेपरात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. इथे तशी जागा नव्हती. काका थेरपिस्टसमोरही बोलेनासे झाले. कार्डं कपाटात गेली. मुलीला सोडायला जावं की नाही, हे मला कळत नव्हतं. काकूंनी तो प्रश्न ठेवला नाही. "तिने काय केलंय? तिला पाठवा," एवढंच म्हणाल्या.

मुलीने नवा नियम लगेच उचलला. आमच्या दारातही ती उभी राहून सांगू लागली, "चप्पल काढ. फोन पण काढ." बाबाला सांगितलं. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं, "दादा, फोन काढा." त्याने हसत काढला आणि तिच्या हातात दिला. पाहुणे कौतुकाने विचारतात, हे कुठून शिकली? मी सांगते, आजींकडून. अर्धंच सांगते.

एका सकाळी वेणी घालताना ती म्हणाली, "मी मोठी झाले की तू लहान होशील. मग मी तुला आजींकडे ठेवून ऑफिसला जाईन."

"आणि मी तिथे काय करू?"

"गप्प बस. आजोबांना बोलू दे."

गेल्या आठवड्यात मला सुट्टी होती. तिला आणायला गेले तर दाराबाहेरच तिचा आवाज ऐकू आला. "हे काय?" मग काकांचा आवाज, जड, तुटक: "का... कात्री." कार्डं कपाटातून बाहेर आली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी तिथेच थांबले. तेवढ्यात हातातला फोन वाजला. ऑफिसचा होता. आतला आवाज बंद झाला.

मुलीने दार उघडलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी फोन चपलांपाशी ठेवला. तिने आत वळून सांगितलं, "आजोबा, आईने फोन काढला."

काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"आई, तू पण इथेच बस," ती म्हणाली आणि दार लोटलं.

मी पायरीवर, चपलांशेजारी बसले. आत कार्डं सरकल्याचा आवाज झाला. ती काहीतरी विचारत होती आणि काका उत्तर देत नव्हते. तिने पुन्हा विचारलं, तरी नाही. मी निघून जावं का, असं वाटत असताना त्यांचा आवाज आला. कार्डावरचा शब्द नव्हता.

"चहा."

"आजी," मुलगी ओरडली, "आजोबांना चहा."