पांढरा रस्सा मागणारा माणूस

मंगळवार पेठेत आमची खानावळ होती. तिथं रोज दुपारी एक माणूस जेवायला यायचा. क्लबात रमी खेळून तो घर चालवायचा. रस्सा पांढराच मागायचा. तांबड्यानं घाम फुटतो आणि समोरच्याला वाटतं, आपण घाबरलो, असं म्हणायचा.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कागलला कारखान्यात होते. नोकरी सोडून रमीचाच धंदा करायचं त्यांच्या मनात आलं. मला धास्ती पडली, पण बोलायचं धाडस होईना. एक दिवस ते त्याला म्हणाले, "पावणं, मला बी शिकवा की."

"जिंकलं तरी हसायचं न्हाय, हरलं तरी तोंड पाडायचं न्हाय. जमंल?"

"त्यात काय अवघड हाय?"

त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. "पोरगी झाली तवा तिला हातात घेतली. बायकू म्हणाली, नकोशी झाली व्हय तुमास्नी? लई आनंद झालता ओ मला. तोंडावर आलाच न्हाय."

 दुसऱ्या दिवशी मालक नेहमीसारखे डबा घेऊन कामावर गेले.

त्या माणसाशी बोलायला माझी जीभ कधी रेटली नाही. आता मालक नातीला खांद्यावर घेऊन खदाखदा हसतात, तेव्हा मी चुलीपाशी बसून मनातल्या मनात त्याला हात जोडते.