आंब्याच्या पेटीशेजारचं ऑर्किड

बाबांनी आणि मी दोन ऑर्किडचा संकर करून वाढवलेल्या रोपाला कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच कळ्या आल्या होत्या. पालेगावच्या आत्याने आंब्यांची पेटी नेमकी गॅलरीत त्या रोपाशेजारीच ठेवली. पिकत्या फळांच्या वायूने कळ्या गळतात. दुसऱ्या दिवशी एक गळलीच. बाबा मोठ्या बहिणीसमोर गप्प होते, म्हणून मीच पेटी उचलली.

“आमच्या आंब्यांचा वास येतो का गं, इंग्लिश मीडियम?”

“नाही आत्या. आंबे पिकायला लागले की माझ्या कळ्या पडतात.”

“मग कुंडी हलव. पेटी जड आहे.”

“कुंडी हलवली तरी पडतात, ताई,” बाबा हळूच म्हणाले.

आत्याने पेटी माझ्या हातातून घेऊन स्वयंपाकघरात नेली. “आता पडल्या तर माझ्या आंब्यांचं नाव घेऊ नका.”

उरलेल्या तीन कळ्यांपैकी एक देठाशी पिवळी दिसत होती. मी ती बाबांना दाखवली, आत्याला नाही.