भागीची शेवळे आणि कालची मालिका

पळसदरीच्या वरच्या ठाकरवाडीत राहणारी भागी दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर भिसेगावात शेवळे विकायला येते. ही रानभाजी काकडाच्या आंबट फळांसोबत शिजवली नाही, तर घशाला खाज सुटते. म्हणून प्रत्येक जुडीबरोबर भागी मूठभर काकडे न मागता देते. आमच्या घरी हे आईच्या तरुणपणापासून चालत आले आहे.

यंदा तिने ओट्यावर पाटी उतरवली, तेव्हा माझी वहिनी नम्रता हसत म्हणाली, "भागी, आधी तू खाऊन दाखव गं. कालच्या मालिकेत तुमच्या डोंगरातल्या बाईनं भाजीतून विष घातलं."

ज्यांनी ती मालिका लिहिली, त्यांनी शेवळे कधी चाखलीही नसतील. पण भागीचे जन्माचे गिऱ्हाईक त्यांनी एका भागात संशयी करून टाकले.

"पायली मी," भागी म्हणाली. "माझ्या नातीबी बसल्या होत्या बघायला. त्याच मालिकेत सासूनं सुनेला जिन्यावरनं ढकललं. मी तुज्या सासूला कधी इचारलं का, आज कुणाला ढकललंस म्हणून?"

आतून आईचे हसू ऐकू आले. भागी हसली नाही.

"गंमत केली गं. दोन जुड्या दे," वहिनी म्हणाली.

"तुला नाय."

तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली. शेजारच्या दारातल्या बाईने भाव विचारला, तरी भागीने ती खाली ठेवली नाही.

"आदी सांग," ती म्हणाली, "काल मालिका पायलीस का?"