आईला दिलेलं भाडं

स्वारगेटजवळच्या आमच्या कर सल्लागाराकडे जुलैत बसायला खुर्ची मिळाली तर नशीब. त्या दिवशी माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. धायरीत त्या पोळी-भाजीचे डबे देतात. मांडीवरच्या पिशवीत वर्षाची बिलं होती, प्रत्येक महिन्याची कपडे वाळत घालायच्या चिमट्यात अडकवलेली. दर पाच मिनिटांनी त्या चिमटे मोजायच्या.

"कर शून्यच येतो हो," त्या म्हणाल्या, "पण रिटर्न मी भरतेच. मी कमावते, हे कुठंतरी लिहिलेलं असावं."

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या पावत्यांवर गेली. घर आईच्या नावावर आहे. कर वाचावा म्हणून तिला भाडं देतो असं मी दाखवणार होतो. बारा पावत्यांवर सकाळीच चहा पिता पिता तिच्या सह्या घेतल्या होत्या.

"आईला भाडं देता? वा!"

"म्हणजे... कागदावर," मी पुटपुटलो.

"मग त्या जेवायलाही कागदावरच वाढतात का?" त्या खळखळून हसल्या. "एकदा खरंच देऊन बघा. चेहरा बघण्यासारखा होईल."

पावत्या मी गुपचूप माझ्या पिशवीत घातल्या आणि होता तेवढा कर भरला. एक तारखेला आईच्या हातावर खरंखुरं भाडं ठेवलं. तिनं ते शांतपणे कपाटात ठेवलं आणि विचारलं, "आणि त्या बारा पावत्यांचं?"

त्या बाई पुन्हा भेटल्या तर सांगणार आहे, चेहरा खरंच बघण्यासारखा झाला होता. माझा.