अक्कांच्या गोठ्यातला बंगाल

सोनपेठच्या कापसाच्या जिनाचे इंजिन सांभाळायला जे बंगाली बाबू आले, त्यांनी येताना एक ट्रंक, एक वळकटी आणि संपूर्ण बंगाल प्रांत बरोबर आणला होता. ट्रंक आणि वळकटी घरमालकीण अक्कांच्या घरातल्या दोन खोल्यांत मावली. प्रांत मात्र पुढची सगळी वर्षे गल्लीभर पसरत राहिला. मी त्याच घराच्या पुढच्या खोलीत राहत असे. निजामी अमलातल्या शाळेत मास्तर होतो, अविवाहित होतो, आणि शेजारच्या खोलीत काय चालले आहे याकडे आपले मुळीच लक्ष नसते, अशी माझी स्वतःविषयी समजूत होती. आज पन्नाशी उलटल्यावर मागे पाहतो तेव्हा कळते, की माझे लक्ष दुसरीकडे कुठे नव्हतेच. ज्या माणसावर आपण इतके हसलो त्याच्याविषयी आता अदबीने लिहावे असे वाटते. पण अदबीने लिहायला बसले की पुन्हा हसूच येते. त्याला माझा इलाज नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूंच्या गळ्यात मफलर येई आणि होळीपर्यंत उतरत नसे. आमच्या भागातली थंडी ती केवढी. पण "हिम पडतो, माश्टरमोशाय," असे म्हणून ते निरभ्र आकाशाकडे संशयाने पाहत. इंजिनच्या खोलीत बॉयलरच्या धगीने इतर माणसे उघड्या अंगाने घाम पुसत असत आणि त्यांच्यामध्ये बाबू मफलर, मोजे आणि लोकरी कानटोपी अशा सरंजामात उभे असत. त्यांना साधा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. एकदा हंगामात इंजिन बंद पडले, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, आणि जिनाचे मालक असलेल्या शेटजींनी काकुळतीने विचारले, "बाबूजी, चालू कधी होईल?" बाबूंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेटजी, बंगालात जेव्हा पाल राजे होते..." शेटजी मटकन कापसाच्या गठ्ठ्यावर बसले. पाल संपून सेन आले, सेन संपून सुलतान आले, आणि पुढे नवाबांपर्यंत पोचल्यावर बाबूंनी हातातला पाना एकदा फिरवला नि इंजिन सुरू झाले. ते पाना आधी का फिरवत नाहीत, हे विचारण्याचे धैर्य कुणालाच झाले नाही. उत्तर कुठून सुरू होईल याची सगळ्यांना धास्ती होती.

आमच्याकडे दूध नासले की घरातली बाई मनातून चरकते. बाबूंनी तर आल्या आल्या शेरभर दूध उकळत ठेवून त्यात हाताने लिंबू पिळले. अक्का दारातून हे पाहत होत्या. त्या धावत आत गेल्या, मीठमोहऱ्या घेऊन आल्या आणि त्यांनी आधी बाबूंची, मग पातेल्याची दृष्ट काढली. "काय झालं ओ बाबू? कुणी काय केलं तुमाला?" असे त्या कळवळून विचारत होत्या आणि बाबू आनंदाने सांगत होते, "आक्का, फाटला! चांगला फाटला!" नासलेले ते दूध त्यांनी फडक्यात बांधून आढ्याला लटकवले. तेवढ्यात कुणीतरी चौकीवर जाऊन कळवले, की बंगाल्याच्या खोलीत एक गोळा टांगलेला आहे. त्या काळी बंगाली माणूस आणि बाँब या दोन गोष्टी सरकारदरबारी वेगळ्या मानल्या जात नसत. चौकीचे फौजदार, म्हणजे अमीनसाहेब, जवान घेऊन आले. ठिबकणाऱ्या त्या गाठोड्यापासून चार हात लांब उभे राहून त्यांनी दरडावले, "ये क्या है? कायकू लटकाए?" बाबूंनी गाठोडे उतरवले, साखर घालून मळले, पानावर थापले आणि त्यांच्यापुढे धरले. अमीनसाहेबांनी आधी जवानाला खायला लावले. जवान जिवंत राहिला, इतकेच नव्हे तर त्याने दुसऱ्यांदा हात पुढे केला. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी चौकीवरून एक माणूस भांडे घेऊन येई आणि दबक्या आवाजात विचारी, "साहेबांनी पुसलंय, बाँब झाला का?"

बोरांच्या बाबतीतही असेच. आमच्याकडची बोरे संक्रांतीच्या सुमाराला ऐन भरात असतात. बाबूंना बोरे प्राणप्रिय. पण वसंत पंचमीला सरस्वतीची पूजा होईपर्यंत बोर तोंडात घालायचे नाही, घातले तर विद्या जाते, हा त्यांच्याकडचा नेम. जिनातल्या बाया ओट्या भरभरून बोरे आणत, बाबू ती डबीत साठवत आणि रोज उघडून त्यांचा नुसता वास घेत. पंचमी येईपर्यंत त्यांचे खडे झालेले असत. मग पूजा करून ते एकेक खडा डोळे मिटून चघळत आणि म्हणत, "अपूर्व!" मी एकदा म्हणालो, "बाबू, तुमची विद्या तर आता शिकून झाली. गेली तरी काय बिघडते?" ते दुखावले. "माश्टरमोशाय, आलेला विद्याच जातो. न आलेला कसा जाईल?" हे त्यांनी मला समजावून सांगावे, आणि मी शिकवण्याचाच धंदा करतो!

पण या सगळ्या तऱ्हेवाईकपणाच्या तळाशी एक साधे दुःख होते, आणि ते समजायला मला फार उशीर लागला. बाबूंची बायको गावी होती आणि ती येत नव्हती. अक्का लिंगायत, गळ्यात लिंग बांधणाऱ्या, कडक सोमवार पाळणाऱ्या. त्यांच्या घरात मासा शिजणे सोडाच, त्याचे नाव निघाले तरी त्या तोंड धुऊन येत. बाबू स्वतः ब्राह्मण असून मासे खात, ही गोष्ट गल्लीने महिनाभर चघळून पाहिली होती आणि कुणालाही ती पचली नव्हती. सुट्टीच्या दिवशी ते गंगेकाठी, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, भोयांच्या वस्तीवर जाऊन मासा खाऊन येत. त्यांचे एकट्याचे भागे; बायकोचे भागणारे नव्हते. त्यांच्याकडे विधवेला मासा वर्ज्य, म्हणून सवाष्णीच्या ताटात मासा हवा. मासा नसलेल्या घरात जाऊन राहणे म्हणजे नवऱ्याच्या जिवावर पाणी सोडणे, असे तिने निक्षून कळवले होते. बाबू संध्याकाळी ओसरीवर बसून मला बंगालचा इतिहास सांगत, त्याचे कारण इतकेच होते की आत खोलीत त्यांचे ऐकायला कुणी नव्हते.

शेवटी एका दसऱ्याला त्यांनी धीर केला. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्या दिवशी ते भेटेल त्याला तीन वेळा मिठी मारत. अमीनसाहेबांपासून शेटजींच्या मुनीमापर्यंत सगळ्यांना आवळून ते घरी आले, अक्कांना मिठी मारता येईना म्हणून त्यांनी ओसरीच्या खांबाला मारली, आणि सगळे सांगून टाकले. अक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती.

"घरात न्हाई," त्या म्हणाल्या.

बाबूंनी मान खाली घातली.

"पर गोठा काय घरात धरत न्हाईत," अक्का पुढे म्हणाल्या. "बैलं मळ्यात बांधते. मासा दारातून आणायचा न्हाई, मागल्या भितीवरून घ्यायचा. भांडी न्यारी. आन् अंगण वलांडायच्या आदी आंघूळ. जमतंय का?"

अशा रीतीने अक्कांच्या गोठ्यात बंगालची स्थापना झाली. बाबूंची बायको आली; ठेंगणी, हसरी, भांगात शेंदूर आणि मनगटात शंखाच्या पांढऱ्याशुभ्र बांगड्या. तिला मराठी येत नसे आणि अक्कांना बंगाली, त्यामुळे दोघींचे लगेच जमले. गल्लीतल्या कुणी विचारले, "बाई कुठं हायत?" की अक्का सहज सांगत, "बंगालात गेल्यात. यायल्यातच आंघूळ करून." बाबू तर ओळखू येईनात. शेटजी म्हणत, आता इंजिन पाल राजांच्या वेळीच सुरू होते.

मग एका वैशाखात बाबूंना हिवतापाने धरले. कोयनेलचे कडू औषध त्यांनी उशाखाली दडवले आणि आपल्या होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या खात राहिले. ताप उतरेना, शुद्धही अधूनमधून हरपू लागली. त्यातच एकादशी आली. त्यांच्याकडे एकादशीचा उपास विधवेने करायचा. म्हणून त्या दिवशी तर सवाष्णीने मासा खाल्लाच पाहिजे. इकडे गंगा आटून नुसते डोह उरले होते आणि मागल्या भिंतीवरून मासा आला नव्हता. बाई सकाळपासून नवऱ्याच्या उशाशी बसून होती. ताटाला तिने हात लावला नाही.

"पोरी, जेव की गं दोन घास," अक्का म्हणाल्या.

"माछ नाही," एवढेच ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मी शिकलेला माणूस. समजुतीने म्हणालो, "अक्का, ही नुसती समजूत आहे. मासा खाण्याचा आणि तापाचा काय संबंध?"

"मास्तर, तुमी गप बसा," अक्का म्हणाल्या. "आमचे मालक गेले तवा असं करण्यासारखं काई असतं, तर मी बी केलं असतं. मला कुणी काईच सांगितलं न्हाई. नुस्ती बसून ऱ्हायले." मग त्यांनी गड्याला हाक मारली. "गाडी जुंप. डोहावर जाऊन मासा आण."

गडी दोन पावले मागे सरला. "अक्का, माळकरी हाय मी. आज येकादशी! नरकात जाईन की."

"तुजी येकादशी तुज्यापाशी ठेव. मास्तर, तुमी जा. आन् हे बगा, जिवंत आणा. माज्या गाडीत मढं नको."

मी जन्मात कधी गाडी हाकली नव्हती. बैलांना ते पहिल्या वळणावरच कळले, आणि पुढचा रस्ता त्यांनी आपल्या मताने काढला. डोहावर भोयाने एक मरळ धरून दिला. तो मी अक्कांच्या तांब्याच्या घागरीत पाण्यात ठेवला आणि घागर मांडीत घेऊन परत निघालो. गावात शिरताना मारुतीच्या देवळापुढे भजन चालले होते. मी, सोवळ्या घराण्यातला मास्तर, एकादशीच्या दिवशी गंगेकडून भरली घागर पोटाशी धरून येतो आहे, हे पाहून टाळ थांबले. माळकऱ्यांनी हात जोडले. एक म्हातारेबुवा गाडीपाशी आले.

"मास्तर, गंगेचं पानी का? धन्य हाय तुमची. जरासं तीर्थ द्या की."

मी घागर घट्ट धरली. तोंड उघडले असते तर एकतर खोटे बोललो असतो, नाहीतर मार खाल्ला असता. बुवांनी भक्तिभावाने घागरीत बोटे बुडवली. आतून मरळाने असा सपकारा मारला की पाणी त्यांच्या तोंडावर उडाले. बुवा डोळे मिटून उभे राहिले. "जागृत हाय," ते सद्गदित होऊन म्हणाले. "लय जागृत हाय!" मग मागे रांगच लागली असती, पण बैलांना घराची आठवण झाली आणि त्यांनी माझी अब्रू राखली.

मासा मागल्या भिंतीवरून बंगालात गेला. अक्का अंगणात त्या बाजूला पाठ करून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने शिवाचे नाव घेऊ लागल्या. बऱ्याच वेळाने, मागे न वळता त्यांनी विचारले, "खाल्लं का गं?" आतून आवाज आला, "खाल्लं." "पोटभर?" "पोटभर." तेव्हा त्या थांबल्या आणि घरात जाऊन स्वतः जेवल्या. त्यांनीही सकाळपासून काही खाल्ले नव्हते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी बाबूंना घाम सुटून ताप उतरला. त्यांनी श्रेय आपल्या गोळ्यांना दिले. मी ते, बाबू बेशुद्ध असताना त्यांना पाजलेल्या कोयनेलला दिले. अक्कांनी कुणालाच काही दिले नाही. त्यांनी घागर चिंचेने घासली आणि उन्हात पालथी घातली.

पोलीस ॲक्शननंतर जिन बंद पडला. बाबूंचे गाव फाळणीत पलीकडे गेले होते. ते दोघे कलकत्त्याकडे निघून गेले. जाताना बाबूंनी मला तीन वेळा मिठी मारली. दसरा नव्हता, पण मी तसे म्हणालो नाही.

पुष्कळ वर्षांनी, परळीच्या वैजनाथाला आलेल्या यात्रेकरूंबरोबर बाईचा निरोप आला, की ती सोनपेठला भेटायला येते आहे. अक्का आता काठी टेकत चालत. त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "मास्तर, पोर यायलीय. मासा बगा." मी भोयाकडून जिवंत मरळ आणवला आणि बादलीत घालून गोठ्यात ठेवला. अक्कांनी गोठा झाडून सारवून घेतला होता.

एस. टी. आली. बाई एकटीच उतरली. अंगावर बिनकाठाचे पांढरे लुगडे होते, भांग कोरडा होता. अक्का पुढे झाल्या, तिचा हात त्यांनी हातात घेतला आणि शंखाच्या बांगड्या जिथे असत त्या मोकळ्या मनगटावरून त्या कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिल्या. मग अक्कांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाल्या, "मास्तर, मागल्या अंगानं जा. तेवढी बादली गंगेत सोडून या. हिला दिसू देऊ नका."

मी बादली घेऊन नदीवर गेलो. पाण्यात उतरून ती आडवी केली. मासा लगेच निघाला नाही. बादलीच्या तोंडाशी तो थोडा वेळ तसाच हलत राहिला. मीही घाई केली नाही.