धर्माच्या ढिगाकडे पाठ

दारव्ह्याच्या कापूस बाजारात नानाजीला बसायला एक फाटकं पोतं मिळालं होतं आणि त्या पोत्याचा त्याला तहसीलदाराला खुर्चीचा नसेल एवढा गर्व होता. काम म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. धर्माच्या ढिगाजवळ बसायचं, आणि तेही ढिगाकडे पाठ करून. पण बिनकामाचा मान मिळाला की माणूस त्याचं काय करून ठेवतो, ते नानाजीकडे बघून शिकावं.

आधी ढिगाविषयी सांगतो. छप्पन साली आपला मुलूख नागपूर सोडून मुंबईच्या पदरात पडला, त्याच दिवाळीनंतर बाजारातल्या काही शेतकऱ्यांनी आणि अडत्यांनी मिळून एक धर्मफंड काढला आणि त्याची कमिटी केली. पुढाकार रामरावांचा. रामराव म्हणजे बऱ्यापैकी शेतीवाडीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी हो म्हटलं की बाजार हो म्हणायचा. त्यांनी पावतीपुस्तक छापलं नाही, की देणगीदारांच्या नावांची पाटी लावली नाही. कापसाची गाडी बाजारात आली की खाली करण्याआधी गाडीवाल्यानं कोपऱ्यातल्या ढिगावर ओंजळभर कापूस टाकायचा, एवढाच नियम. ढिगाला तिन्ही बाजूंनी तरटाचा आडोसा. आत जाऊन कोणी एक ओंजळ टाको, कोणी दहा टाको, कोणी नुसते हात झटकून बाहेर येवो. विचारणारं कोणी नाही.

हंगाम सरला की ढीग सरकी काढायला जिनात जायचा आणि त्याचे पैसे तीन ठिकाणी वाटले जायचे. तांड्यांवरच्या पोरांचं वसतिगृह, गावाबाहेर राहणाऱ्या महारोग्यांची भाकरी, आणि विमलताईंची बाळंतखोली. विमलताई म्हणजे शिकलेली सुईण. चार खाटा, एक स्टोव्ह आणि खणखणीत आवाज एवढ्या भांडवलावर तिनं ती खोली उभी केली होती. तांड्यांवरच्या बंजारा बाया सुरुवातीला तिच्या दारात उभ्या राहत नव्हत्या. तिनं दोन वर्षं पायी हिंडून, त्यांच्यात बसून, त्यांची बोली मोडकीतोडकी बोलून त्यांना आणलं.

आता उघड्यावर कापसाचा ढीग म्हटला की गुरं तोंड घालतात आणि बिडीची ठिणगी पडायची भीती असते. म्हणून राखणीला माणूस हवा होता. नानाजीची शेती धाकटा भाऊ बघायचा, कारण नानाजीचा एक गुडघा कायमचा धरलेला. रामरावांनी त्याला बोलावलं.

"नानाजी, गुरं हाकल, बिडीवाल्याले हाकल. फक्त मांगं पाहू नको. पाठ करून बस."

"हाव जी," नानाजी म्हणाला. का, ते त्यानं विचारलं नाही. उत्तर त्यानं स्वतःच काढलं: कमी देणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. हे उत्तर त्याला इतकं आवडलं, की बाजारात येणाऱ्याजाणाऱ्याला धरून तो ते समजावून सांगायचा. पहिली दोन वर्षं त्यानं नियम खरंच पाळला. मागं पावलं वाजली की तो आणखी ताठ बसायचा, फोटो काढायला बसल्यासारखा.

तिसऱ्या वर्षी समोरच्या कडुलिंबाखाली एक न्हावी येऊन बसला आणि त्यानं खोडाला आरसा टांगला. त्या आरशात नानाजीला पहिल्यांदा स्वतःचा फेटा दिसला, आणि फेट्याच्या वर तरटाच्या आतला सगळा ढीग.

पहिल्या दिवशी त्यानं आरशावरून मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी वळवली. आठवड्याभरात तो गडी आरशासमोर असा नेमका बसायला लागला, की न्हाव्याचं गिऱ्हाईक मध्ये आलं तर त्याला राग यायचा. कोण किती टाकतो हे त्याला आता तोंडपाठ झालं. भरभरून टाकणारा बाहेर आला की नानाजी "या पाटील, बसा" म्हणून पोत्यावर सरकून जागा करायचा. चिमूटभर टाकणाऱ्याला तो रामरामसुद्धा नाकातल्या नाकात घालायचा. मोठे मोठे शेतकरी हात कसे आखडतात आणि वर धर्माच्या गप्पा कशा मारतात, हे रात्री बायकोला सांगताना त्याला जेवण गोड लागायचं. इंदूबाई एकदा म्हणाली, "पाठ करून बसता ना तुमी? मंग दिसते कसं?" तेव्हा नानाजीनं ताटातल्या मिठावरून भांडण काढलं.

एकोणसाठ सालचा पौष. भर दुपार, गाड्या वजनकाट्याकडे गेलेल्या, कोपरा सुना. आरशात एक बाई दिसली. घुंगट, हातभर पांढऱ्या बांगड्या, तांड्यावरची. तिच्यासोबत गाडी नव्हती. ती आडोशात गेली, वाकली, आणि तिनं दोन ओंजळी कापूस उचलून ओढणीत घेतला.

नानाजी गुडघा विसरून उठला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि बाजार गोळा होईल एवढ्यानं ओरडला, "चोर! धर्माचा कापूस चोरून राह्यली! पाहा हो, पाहा!"

बाजाराला तेवढंच हवं होतं. "तांड्याचीच ना?" कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या माना अशा हलल्या की चौकशी पूर्ण झाली. बाईनं रडारड केली नाही, शिवी दिली नाही. तिनं घुंगट खाली ओढला आणि हळू आवाजात म्हणाली, "भिया, हात सोड माहा."

तिच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. नानाजीनं हात सोडला नाही. चारचौघांदेखत तिला ओढणी झटकायला लावली, कापूस जमिनीवर पडला, तेव्हाच सोडला. ती गेली. कोणी नानाजीच्या पाठीवर थाप मारली, कोणी चहा मागवला. आयुष्यात इतका भाव त्याला कधी मिळाला नव्हता.

संध्याकाळी शाबासकीचा दुसरा हप्ता घ्यायला तो रामरावांकडे गेला. रामराव ओसरीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली शेंग परत ताटात ठेवली.

"तुले दिसलं कसं?"

नानाजीनं फेटा नीट केला. मग तो म्हणाला, "आरशात."

"तुले पाठ करून काहून बसवलं होतं?"

"कमी देनाऱ्याले लाज वाटू नये म्हून."

"देनाऱ्याले कायची लाज रे?" रामराव म्हणाले. "देनारा तर छाती काढून देते. ती पाठ घेनाऱ्यासाठी होती. वसतिगृहाले पायजे असन, तर कमिटीपुढं अर्ज येते. पन जिले दोन ओंजळी कापूस पायजे, तिनं कमिटीपुढं उभं राहून सांगावं का, मी गरीब आहो म्हून? तिनं यावं, घ्यावं, जावं. कोनाचे उपकार नाई, कोनाची नजर नाई. पह्यल्या दिवसापासून लोक नेतात. त्यासाठीच तो आडोसा आहे."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू पावलं मोजत बसला असता. कोन आलं, कोनं नेलं."

नानाजीला वाटलं, यांनी आपल्याला एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. कारण बोलणं खरं होतं. त्याला कळलं असतं, तर त्यानं नक्कीच मोजलं असतं.

तो ओसरी उतरत होता, तेवढ्यात विमलताई दारातून आत आली. नानाजीला बघताच ती थांबली.

"झालं समाधान? ती लालीबाई होती. तिची लेक जमनी माह्या खोलीत बाळंत झाली, आज तिसरा दिवस. पोरगं अशक्त हाय. मीच म्हटलं लालीबाईले, ढिगावरून ओंजळ-दोन ओंजळ कापूस आन, पोराले गादी भरू. ती तयार नोती. म्हने, आमाले कोनी चोर म्हनन. मी म्हटलं, तिथं कोनी पाहत नाई. जबान देल्ली मी तिले!" विमलताईचा आवाज फुटला. "आता लेकीले उठवून घेऊन गेली तांड्यावर. या थंडीत. उघड्या गाडीत."

नानाजी घरी आला तो मान वर न करता. दारव्ह्याचा तो एवढासा रस्ता त्याला सरता सरेना. वाटेत दोघांनी "वा नानाजी!" म्हणून हाक मारली आणि ती हाक त्याला थुंकी अंगावर पडल्यासारखी लागली.

इंदूबाईला त्यानं सगळं सांगितलं, आरशासकट. तिनं घरातला चांगला कापूस काढला, सरकी वेचली, जुन्या मऊ लुगड्याची एक लहानशी गादी शिवली आणि त्याच्यासमोर ठेवली. त्या प्रकारानंतर चौथ्या दिवशी ती काखोटीला मारून नानाजी लंगडत लंगडत तांड्यावर गेला. दोन कोस.

तांड्याचे नायक शंकरसिंग यांनी त्याला बाजेवर बसवलं आणि गुळाचा चहा दिला. आपल्याला कोणी ओळखलं नसावं अशी नानाजीनं मनात आशा धरली. तेवढ्यात शंकरसिंगांनी, न विचारता, एका पोरीला सांगितलं, "लालीले बोलाव. ढिगावरचे भाऊ आले."

लालीबाई आली. नानाजी उठून उभा राहिला.

"बाई, माह्या हातून लई वाईट झालं. मी... पोरगं कसं आहे?"

"बरं हाय. दूध पिते."

"हे घे. पोरासाठी."

तिनं गादीकडे पाहिलं. हात लावून पाहिला. टाके चांगले होते. तिला ते आवडले हे नानाजीला दिसलं, आणि त्याच्या जिवात जरा जीव आला.

"नको, भिया," ती म्हणाली.

"काहून? घरचा कापूस हाय. कोनी काही म्हननार नाई."

"ढिगावरचा घेत होती, तवा तो कोनाचा नोता. हे तं तुहं हाय. मी घेतलं, तं तू बरा होशीन. मंग माहं काय?" तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर नानाजीला उत्तर सुचलं असतं. "चहा पिऊन जा. लंगडत आला."

गादी काखेत घेऊन तो परत आला. न्हाव्याला त्यानं हात जोडून आरसा हलवायला लावला. न्हावी हसला, पण हलवला. त्या दिवसापासून नानाजी खरोखर पाठ करून बसू लागला, आणि तेव्हा त्याला एक गोष्ट आठवली. आधीच्या वर्षांत, अशाच सुन्या दुपारी, मागं हलकी पावलं वाजायची. गाडीचा आवाज नाही, बैलांचा घुंगूर नाही, नुसती पावलं. कुत्रं असेल म्हणून तो न बघताच "हाड, हाड" करायचा. ती पावलं आता वाजत नव्हती. तो दुपारभर कान लावून बसायचा. एकदा तरी कोणी यावं, दोन ओंजळी न्याव्यात, आपण दगडासारखं बसून राहावं, एवढंच त्याला हवं होतं. दुसरा कुठलाही नवस त्यानं केला नाही.

कोणी आलं नाही. विमलताईच्या चार खाटांपैकी दोन वर्षभर रिकाम्या राहिल्या. तिनं पुन्हा चपला घातल्या आणि पुन्हा पहिल्यापासून तांडे हिंडायला लागली. नानाजी दिसला की ती बोलायची, पण कामापुरतं.

एकसष्ट साली रामराव गेले. पाठ कोणासाठी आहे हे जाणणारा कमिटीत कोणी उरला नाही. नानाजीच्या ओठांवर ते अनेकदा आलं. पण कमिटीला सांगावं, तर ती त्यावर ठराव करणार, घेणाऱ्यांची यादी मागणार. आणि न सांगावं, तर ते आपल्याबरोबरच जाणार. तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचीही त्याला लाज वाटायची.

त्रेसष्टच्या अक्षय्य तृतीयेला फंडाची वार्षिक सभा भरली. ढीग कधी नव्हे तो दीडपट झाला होता. नवे अध्यक्ष पेठेतले एक अडते होते, बोलायला हौशी. त्यांनी नानाजीला पुढं बोलावलं, शाल घातली, नारळ दिला.

"मंडळी, फंड वाढला तो या मानसामुळं! नानाजीनं त्या दिवशी चोरीचा हात पकडला. त्या दिवसापासून आपल्या ढिगातलं एक बोंडही कोनी उचललं नाई!"

टाळ्या पडल्या. "बोला नानाजी, दोन शब्द!"

नानाजी उभा राहिला. शाल खांद्यावरून घसरत होती. मागच्या रांगेत विमलताई बसली होती, तिच्याकडे त्यानं पाहिलं आणि त्याला वाटलं, आता सांगायचं. होऊन जाऊ द्या.

"ढीग वाढला नाई," तो म्हणाला. "लोकाईनं जास्त देल्लं नाई. फक्त... आता त्याच्यातून कोनी नेत नाई. माह्यामुळं नेत नाई."

सभेनं पहिल्यापेक्षा दुप्पट टाळ्या वाजवल्या. किती नम्र माणूस, कोणीतरी म्हणालं. नानाजी हात वर करून "तसं नाई, आयका तं..." म्हणत राहिला, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. अध्यक्षांनी त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याला मिठी मारली. विमलताईनं टाळी वाजवली नाही. ती उठली, चपला शोधल्या आणि बाहेर गेली. तिला त्या दिवशी एका तांड्यावर जायचं होतं.